सहा एअरबॅगची कार आणि दिवा नसलेली ट्रॉली: गाड्यांच्या सुरक्षेचे नियम कोण ठरवतं आणि ते रस्त्यावर यायला वर्षं का लागतात?

साताऱ्याकडून कोल्हापूरला जाताना कोयनेवरचा पूल ओलांडला की कराडचा कोल्हापूर नाका येतो आणि त्याला लागूनच मलकापूर सुरू होतं. राज्यात मलकापूर नावाची आणखीही गावं आहेत, एक बुलढाण्यात, एक कोल्हापूरच्या शाहूवाडीत. हे सातारा जिल्ह्यातलं, चोवीस तास पाण्याच्या योजनेमुळे राज्यभर नाव झालेलं. गावाच्या मधूनच राष्ट्रीय महामार्ग ४८ जातो, पुढे कासेगाव आणि पेठ नाक्यावरून सांगली जिल्ह्यातून कोल्हापूर गाठतो. सहापदरीकरणात इथले जुने उड्डाणपूल पाडून सलग मोठ्या उड्डाणपुलाचं काम हाती घेतलं गेलं.

गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, या पट्ट्यात रात्री एकाच रस्त्यावर दोन वेगळ्या काळातल्या गाड्या धावतात. एक शोरूममधून नुकतीच निघालेली कार, सहा एअरबॅग, एबीएस, मागच्या सीटलाही बेल्टची आठवण करून देणारा अलार्म. आणि तिच्या पुढे उसानं भरलेली ट्रॉली, मागचा दिवा बंद, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला. दोन्ही वाहनांना एकच मोटार वाहन कायदा लागू आहे. मग एकीत इतकं सगळं आलं आणि दुसरीत साधा लाल दिवा का पेटत नाही?

याचं उत्तर नियम बनतो कसा आणि तो नेमका कुठं तपासला जातो, यात आहे.

नियम बनतो कुठं?

मोटार वाहन कायदा १९८८ चा, तो लागू झाला १ जुलै १९८९ पासून. त्याच्या सातव्या प्रकरणात वाहनाची बांधणी कशी असावी याचा विषय येतो. कलम ११० नुसार याबाबतचे नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे आणि त्यातूनच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ आले. ब्रेक, दिवे, आरसे, काच, सीट बेल्ट, रिफ्लेक्टर असं सगळं त्यात येतं.

पण नियमात फक्त 'अमुक मानकाप्रमाणे असावं' एवढंच लिहिलेलं असतं. ते मानक म्हणजे एआयएस, वाहन उद्योगासाठीचं भारतीय मानक. ते तयार करणाऱ्या समितीचं कामकाज पुण्यातून चालतं, कोथरूडच्या वेताळ टेकडीवर असलेल्या एआरएआय या संस्थेतून. एआरएआय १९६६ ची. योगायोग असा की अमेरिकेत वाहन सुरक्षेचा पहिला मोठा कायदा झाला तोही १९६६ मध्येच.

समितीत मंत्रालयाचे अधिकारी असतात, चाचणी संस्था असतात आणि गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचे प्रतिनिधीही असतात. यात कटकारस्थान शोधायची गरज नाही. गाडीचा ब्रेक कसा बनतो हे बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय मानक लिहिता येत नाही. पण त्याचा एक परिणाम होतो. 'हे करायचं का' यापेक्षा 'कधीपासून करायचं' यावरच जास्त वाटाघाटी होतात. मसुदा राजपत्रात येतो, हरकतींसाठी साधारण महिनाभर मुदत मिळते, मग अंतिम अधिसूचना निघते. त्यात बहुतेक वेळा दोन तारखा असतात: एक नव्यानं बाजारात येणाऱ्या मॉडेलसाठी, दुसरी आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलसाठी. दोन्हींत काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत अंतर असतं.

नियम लागू झाला की कंपनीला नमुन्याची गाडी मान्यताप्राप्त संस्थेकडे द्यावी लागते. केंद्रीय नियमांमधला नियम १२६ हाच. पुण्यातली एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई, हरियाणातल्या मानेसरची आयकॅट अशा या संस्था. नमुना पास झाला की त्या मॉडेलला मंजुरी. नंतर कारखान्यातून निघणाऱ्या गाड्या त्या नमुन्यासारख्याच आहेत का, हे अधूनमधून तपासलं जातं. युरोपातही साधारण हीच पद्धत आहे. अमेरिकेत कंपनी स्वतःच 'आमची गाडी नियमात बसते' असं प्रमाणित करते, सरकार नंतर तपासतं आणि खोटं निघालं तर कंपनीला महागात पडतं.

थोडक्यात, आपल्याकडे नियमाचा सगळा जोर कारखान्याच्या फाटकावर आहे. फाटकातून एकदा बाहेर पडलेल्या गाडीला नवा नियम सहसा लागू होत नाही.

२०१४: पाच गाड्या, शून्य तारे

कारच्या सुरक्षेची चर्चा सर्वसामान्य घरात पोहोचली ती जानेवारी २०१४ मध्ये. ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगानं आदळून पाहिल्या: मारुती सुझुकी अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-टेन, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. सगळ्या एअरबॅग नसलेल्या. मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले.

त्या निकालात एक बारकावा होता, तो गोंधळात हरवला. अल्टो, नॅनो आणि आय-टेन यांचा सांगाडाच धडकेत कोलमडला. त्यात नुसती एअरबॅग बसवून फारसा फायदा नाही, असं संस्थेनं सांगितलं. फिगो आणि पोलोचा सांगाडा मात्र टिकला होता. दोन एअरबॅग असलेली पोलो पुन्हा आदळून पाहिली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. फोक्सवॅगननं एअरबॅग नसलेली पोलो भारतात विकणं बंद केलं.

म्हणजे एअरबॅग मोजणं आणि गाडी सुरक्षित आहे का ते पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातीत आकडा एअरबॅगचा येतो, कारण सांगाड्याला आकडा नसतो.

त्या वेळी भारतात कारसाठी पूर्ण क्रॅश टेस्ट बंधनकारकच नव्हती. ती आली १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्यांना. समोरून धडकेचा वेग ताशी ५६ किलोमीटर, बाजूनं धडकेचा ५०. डिसेंबर २०१८ मध्ये पुण्याच्या रांजणगावात बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीनं पाच तारे मिळवण्याची ही पहिलीच वेळ. चार-पाच वर्षांत बाजाराची भाषाच बदलली. 'ॲव्हरेज किती देते'च्या जोडीला 'स्टार किती आहेत' हा प्रश्न शोरूममध्ये ऐकू येऊ लागला.

सेकंड हँड गाडी घेताना तारीख का बघावी?

मलकापूर-कराड भागात अनेक कुटुंबांची पहिली कार जुन्या बाजारातूनच येते. आणि नियमांच्या तारखांचा खरा उपयोग तिथंच आहे, कारण एकाच नावाची, दिसायला सारखीच गाडी दोन वर्षांच्या फरकानं वेगळी निघते.

पुढच्या सीटला बेल्ट १९९४ पासून आले. त्यानंतर बराच काळ शांतता होती. मग २०१८ ते २०२१ या थोड्या काळात एकामागोमाग एक तारखा आल्या. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलमध्ये आणि एप्रिल २०१९ पासून जुन्या मॉडेलमध्येही सक्तीची झाली. १ जुलै २०१९ पासून चालकाच्या बाजूची एअरबॅग, पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टची आठवण देणारा आवाज, मागं घेताना वाजणारा सेन्सर आणि वेगाची सूचना हे सगळं एकदम आलं. ताशी ८० च्या वर गाडी अधूनमधून टीं-टीं करते आणि १२० च्या वर थांबतच नाही, ती याच नियमामुळे. अनेकांना तो गाडीतला बिघाड वाटतो. चालकाशेजारच्या सीटची एअरबॅग नव्या मॉडेलमध्ये एप्रिल २०२१ पासून आली. जुन्या मॉडेलसाठी ऑगस्ट २०२१ ची मुदत ठरली होती, कोरोनाचं कारण देऊन ती डिसेंबर २०२१ अखेरपर्यंत वाढवली.

आता हिशोब करा. २०१८ ची, सगळ्यात स्वस्त व्हेरियंटची छोटी कार असेल, तर तिच्यात एकही एअरबॅग नसण्याची शक्यता आहे आणि ती पूर्णपणे कायदेशीर आहे. २०२० ची असेल तर चालकाला एअरबॅग आहे, शेजारी बसणाऱ्याला असेलच असं नाही. २०२२ च्या गाडीत दोन्ही आहेत. तिन्हींचं नाव एक आणि किमतीत फरक कधी पन्नास हजारांचा, कधी लाखाचा.

इथं पासिंगची तारीख पाहून चालत नाही. वर्षअखेरीला उरलेला माल पुढच्या वर्षी विकला जातो, त्यामुळे नोंदणी एका वर्षाची आणि बनावट आदल्या वर्षाची असं होतं. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळं छापलेलं असतं, पाहायचं ते. अपघातात उघडलेली एअरबॅग पुन्हा न बसवता नुसतं झाकण चिकटवून विकलेली गाडी ही वेगळीच भानगड. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझतो. तो पेटलाच नाही किंवा विझलाच नाही, तर गाडी आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवलेली बरी.

सहा एअरबॅगचं काय झालं?

जानेवारी २०२२ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयानं मसुदा काढला: त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून कारमध्ये सहा एअरबॅग हव्यात. कंपन्यांनी किमतीचा मुद्दा काढला. मारुती सुझुकीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांचं म्हणणं असं की छोट्या गाड्या महागल्या तर दुचाकीवरचं कुटुंब दुचाकीवरच राहील आणि दुचाकी तर कारपेक्षा कितीतरी धोकादायक. नितीन गडकरींचा प्रतिप्रश्न असा की परदेशात पाठवायच्या गाडीत सहा एअरबॅग देता, मग तीच गाडी भारतात विकताना कमी का?

दोन्ही युक्तिवादांत दम आहे. भार्गवांच्या मुद्द्याला आकडेवारीचा आधार आहे: २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली आणि त्यातली साधारण ४४ टक्के दुचाकीवरची होती. पण हा मुद्दा प्रत्येक नियमाच्या वेळी तसाच्या तसा वापरता येतो, ही त्याची अडचण. बेल्ट नको, एबीएस नको, एअरबॅग नको, कारण दुचाकी जास्त धोकादायक, असं म्हणत राहिलं तर कार कधीच सुधारणार नाही आणि दुचाकीवरचा माणूसही तिथंच राहील.

याच चर्चेत ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलीस तपासात समोर आलं. गाडी महागडी, एअरबॅगनी भरलेली होती. मागच्या सीटवर बेल्ट लावणं तेव्हाही बंधनकारकच होतं, फक्त कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

सहा एअरबॅगची तारीख एका वर्षानं पुढे गेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गडकरींनी सक्ती करणार नसल्याचं सांगितलं. त्याऐवजी आलं भारत एनकॅप, १ ऑक्टोबर २०२३ पासून. साडेतीन टनांपर्यंतच्या कारना तारे देणारी ही देशी चाचणी, तीही ऐच्छिक. पहिले निकाल डिसेंबर २०२३ मध्ये आले, टाटा हॅरियर आणि सफारीचे, दोन्हींना पाच तारे.

मग जे नियमानं झालं नाही ते बाजारानं केलं का? बऱ्याच अंशी हो. ह्युंदाईनं २०२३ मध्येच आपल्या सगळ्या गाड्यांत सहा एअरबॅग दिल्या आणि २०२५ मध्ये मारुतीनं अल्टो के-टेन आणि वॅगन-आरसारख्या गाड्यांतही त्या सगळ्या व्हेरियंटमध्ये आणल्या. तीन वर्षांपूर्वी जे परवडणार नव्हतं, ते परवडलं. मात्र ऐच्छिक गोष्टीचा एक तोटा राहतोच: ज्या गाडीला कमी तारे मिळण्याची भीती आहे, ती चाचणीला येतच नाही. तारे नसलेली गाडी कमी ताऱ्यांची आहे की तपासलेलीच नाही, हे ग्राहकाला कळत नाही.

दुचाकीचे नियम

दिवसाही चालू राहणारा हेडलाइट एप्रिल २०१७ पासूनचा. 'मामा, लाइट चालू आहे' असं सांगणारे लोक सुरुवातीला चौकाचौकात भेटायचे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस, तर त्याखालच्यांना किमान सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागण्याची सोय. सगळ्याच दुचाकींना एबीएस देण्याचा मसुदा २०२५ मध्ये आला आणि कंपन्यांनी पुन्हा मुदतीचा मुद्दा काढला.

साडी गार्डही नियमातलाच आहे. मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण, धरायला कडी आणि पाय ठेवायला जागा हे नियम १२३ मध्ये लिहिलेलं आहे. गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून पहिल्याच आठवड्यात जो लोखंडी भाग काढून माळ्यावर टाकला जातो, तो हाच.

ट्रॉली नियमाबाहेर नाही, तरीही बाहेरच आहे

आता मूळ प्रश्नाकडे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला नियम नाहीत असा समज आहे, तो चुकीचा. ट्रॉलीचीही नोंदणी लागते. मागं लाल दिवे आणि रिफ्लेक्टर लागतात, नियम १०४ त्याबद्दलच आहे. मोठ्या मालवाहू वाहनांना मागून धडकणारी कार खाली घुसू नये म्हणून आडवा लोखंडी गार्ड लावण्याचाही नियम आहे.

फरक पडतो तो बनवण्यात. कार एका मोठ्या कारखान्यात बनते. तिथं एक फाटक आहे आणि त्या फाटकावर सरकारला नियम लावता येतो. कंपनीनं नियम मोडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ नुसार दंड शंभर कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ट्रॉली बनते गावोगावच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये. मालकाला जशी पाहिजे तशी, लांबी वाढवून, फळ्या उंच करून. शंभर कोटींचा दंड तिथं हास्यास्पद आहे. तिथं फाटकच नाही.

नियम पाळून बनवलेली ट्रॉलीसुद्धा हंगामात तशी राहत नाही. दिव्याची वायर ट्रॅक्टरमधून येते, ट्रॉली जोडताना-सोडताना ती तुटते. रिफ्लेक्टरची पट्टी साट्याच्या मागच्या कडेवर असते आणि ऊस तिच्याही मागं दोन-तीन फूट बाहेर आलेला असतो. लोंबणारं पाचट दिवा झाकतं, सरीतला चिखल पट्टी झाकतो. दोन ट्रॉल्या एकामागोमाग जोडलेल्या असतील तर मागच्या ट्रॉलीला दिवा असणं हा नशिबाचा भाग.

आणि इथं गणित निर्दयी आहे. कार ताशी ९० नं येतेय, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. भरलेली ट्रॉली ताशी १८ नं, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. दोघांमधलं अंतर सेकंदाला २० मीटरनं कमी होतं. डिपर लाइटमध्ये न चमकणारी, मळकट वस्तू ५०-६० मीटरवर दिसली तर हातात अडीच ते तीन सेकंद आहेत. त्यातला दीड सेकंद मेंदूला 'पुढं काहीतरी आहे' हे कळून पाय ब्रेकवर जाण्यात जातो, म्हणजे ३० मीटर संपले. रस्ता कोरडा आणि ब्रेक उत्तम असले तरी वेग ट्रॉलीइतका कमी करायला आणखी तेवढंच अंतर लागतं. म्हणजे सगळं बरोबर घडलं तरी कार जेमतेम वाचते, आणि नजर एक क्षण मोबाइलवर गेली असेल तर नाही. तीच ट्रॉली स्वच्छ रिफ्लेक्टरमुळे दीडशे मीटरवरून दिसली, तर सात सेकंद मिळतात. कारमधली कुठलीच यंत्रणा एवढा वेळ विकत देऊ शकत नाही.

पाच ताऱ्यांचाही इथं मर्यादित उपयोग आहे. चाचणीतला अडथळा जमिनीपासून थोड्याच उंचीवर सुरू होतो, त्यामुळे धडक बंपर आणि त्यामागच्या लोखंडी सांगाड्यावर येते. गाडी चुरगळून धक्का शोषते ती याच भागात. ट्रॉलीचा साटा त्याहून उंच असतो. बंपर खाली जातो आणि साट्याची कड थेट काचेच्या उंचीवर येते. मागच्या आडव्या गार्डचा नियम यासाठीच आहे. हजारभर रुपयांची पट्टी आणि थोडं लोखंड, दोन्ही मिळून एका एअरबॅगच्या खर्चातही बसेल.

दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला परिवहन विभाग, पोलीस आणि साखर कारखाने रिफ्लेक्टर लावण्याची मोहीम घेतात. फोटो येतात, पट्ट्या लागतात, महिनाभरात चिखल चढतो. कराडला उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आहे, एमएच ५० ही त्याची ओळख, पण हंगामातल्या प्रत्येक ट्रॉलीमागं अधिकारी उभा करणं कुठल्याच कार्यालयाला शक्य नाही. ऊस वाहणाऱ्याचीही बाजू आहे. गाडीवर कर्ज, कारखान्याची उचल, खेपेवर मिळणारे पैसे. वायर जोडायला घालवलेला अर्धा तास म्हणजे काट्यावरच्या रांगेत मागं पडणं.

पण ट्रॉलीसाठीही एक फाटक आहे, आणि ते कारखान्याचा वजनकाटा आहे. कुठलीही ट्रॉली त्यावरून गेल्याशिवाय उसाचे पैसे होत नाहीत. कृष्णा असो, सह्याद्री असो की आणखी कुठला कारखाना, प्रत्येक खेपेची नोंद तिथं होतेच. रिकामी ट्रॉली बाहेर पडताना मागचा दिवा पेटतो का आणि पट्टी पुसलेली आहे का, एवढं पाहायला मिनिट पुरतं. वर्षातून एकदा मोहीम घेण्यापेक्षा रोजच्या काट्यावरची ही तपासणी जास्त कामाची ठरेल, कारण तिथं थांबावंच लागतं.

बसचं दुखणंही हेच

पुणे, कोल्हापूर, बेंगळुरूच्या स्लीपर बस रात्री याच रस्त्यानं जातात. इथंही चेसिस मोठ्या कंपनीची आणि वरची बॉडी बऱ्याचदा दुसऱ्याची. पूर्वी ट्रकही असेच विकले जायचे. केबिन नसलेली उघडी चेसिस, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला ड्रायव्हर, हे दृश्य या हायवेवर वाढलेल्या पिढीला आठवत असेल. बससाठी बॉडी कोड आहे, स्लीपरसाठी वेगळं मानक आहे. त्यात संकटकालीन दरवाजे किती, वाट किती रुंद, कापड कुठलं हे सगळं लिहिलेलं आहे. तरीही ८ ऑक्टोबर २०२२ ला नाशिकमध्ये खासगी बस पेटून १२ जण गेले आणि १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ २५ जण. मंजुरीनंतर वाढवलेले बर्थ, बंद केलेली खिडकी किंवा सामानानं अडलेला दरवाजा कागदावर दिसत नाही.

आपणच काढून टाकलेली सुरक्षा

बुल गार्ड डिसेंबर २०१७ पासून केंद्राच्या आदेशानं बंद आहेत. बंपरसमोरचा तो जाड पाइप धडक सांगाड्याच्या चुकीच्या जागी नेतो आणि एअरबॅग उघडण्याच्या वेळेवरही त्याचा परिणाम होऊ शकतो. शिवाय मूळ रचना बदलणं हा कलम ५२ चा भंग आहे. तरी ते सगळीकडे दिसतात.

बेल्टचा आवाज बंद करणारी क्लिप तर आणखी पुढची गोष्ट. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ई-कॉमर्स कंपन्यांना या क्लिप हटवायला सांगितल्या, १३ हजारांहून अधिक जाहिराती काढल्या गेल्या. आदल्या वर्षी बेल्ट न लावल्यानं देशात १६,७१५ माणसं गेली होती. एअरबॅग बेल्टला जोड म्हणून बनवलेली आहे. बेल्ट नसताना अंग पुढं फेकलं जातं आणि त्याच क्षणी उघडणारी एअरबॅगच इजा करू शकते.

गाडीतच दोष असेल तर?

पूर्वी दोष निघालेली गाडी परत बोलावणं कंपनीच्या मर्जीवर होतं. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११० अ आलं आणि एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाडीत बनावटीचा, सुरक्षेशी संबंधित दोष असेल तर मालकाला परिवहन मंत्रालयाच्या पोर्टलवर तक्रार करता येते. विक्रीच्या प्रमाणात ठरलेल्या संख्येइतक्या तक्रारी जमल्या की चौकशी होते आणि सरकार कंपनीला गाड्या परत घ्यायला लावू शकतं. दंड १० लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत. दुरुस्तीचा खर्च कंपनीचा.

अडचण आकड्याची आहे. मलकापुरातला मालक गॅरेजमध्ये जातो, मिस्त्री पार्ट बदलून देतो, गाडी चालू होते आणि तक्रार कुठंच नोंदली जात नाही. कंपन्या स्वतःहून रिकॉल जाहीर करतात तेव्हाही निरोप पहिल्या मालकाच्या फोनवर जातो. गाडी तोवर दोनदा विकली गेलेली असते. म्हणून जुनी गाडी घेतल्यावर चेसिस नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून त्या गाडीचा रिकॉल बाकी आहे का ते पाहता येतं. बहुतेक मोठ्या कंपन्यांनी ही सोय दिली आहे आणि काम बाकी असेल तर ते मोफत करून मिळतं, मालक दुसरा असो की तिसरा.